साहेबांची सुपारी

मोठ्या साहेबांची सुपारी घेऊन आल्याच्या संशयावरून आम्हाला गेटवर अडवलं, तेव्हा माझ्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात जगातल्या गरिबीविषयीच्या पत्रकांचा गठ्ठा. पोलीसवाल्यानं आधी मला न्याहाळलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला. "क्या बोली तू? फिरसे बोल," तो तिला म्हणाला. आणि ती बया, भीती नाही की काही नाही, खणखणीत आवाजात पुन्हा म्हणाली, "साहेबाची सुपारी आणलीया. आत सोडा."

आता हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगते. मधे हसायचं नाही. मी ही हकीकत जिथं जिथं सांगितली तिथं लोक अर्ध्यातच हसायला लागतात, मग मी चिडते, मग मीच त्यांच्यापेक्षा जास्त हसते आणि गोष्ट राहून जाते.

पुंडलिकनगरात पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत आमचं काम चालतं. गिरणी सुरू झाली की आमचं टेबल थरथरतं आणि फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं. माझ्या ज्या आवाजाला सगळे नावं ठेवतात ना, तो या गिरणीनं घडवलेला आहे. काम म्हणजे काय, तर सरकारला आठवण करून देणं. जगातल्या झाडून सगळ्या सरकारांनी एका मोठ्या सभागृहात बसून कबूल केलंय की दोन हजार तीस सालापर्यंत गरिबी संपवू, कोणी उपाशी राहणार नाही, एकही लेकरू शाळेबाहेर राहणार नाही. त्याचं पुढं काय झालं हे वस्तीवस्तीवर जाऊन विचारायचं आणि ते वर कळवायचं. माझ्या नणंदेला हे काम आजपर्यंत कळलेलं नाही. "म्हणजे नेमकं करतेस काय?" असं ती दर सणाला विचारते. मी म्हणते, "सरकारनं शब्द दिलाय तो पाळतंय का ते बघते." "आणि नाही पाळला तर?" "तर भांडते." "हां, मग जमंल तुला," असं म्हणून ती पुरणपोळी वाढते.

अजिंठ्याच्या डोंगरात मेंढपाळांची एक वस्ती आहे. लेण्यांकडं जाणाऱ्या पाहुण्यांच्या गारेगार बसगाड्या तिथून खाली रस्त्यावर दिसतात. दिसतात तेवढंच, वर कोणी येत नाही. दिवाळी झाली की बरीच गडीमाणसं मेंढरं घेऊन चराईला खाली जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मी तिथं पहिल्यांदा गेले ते एक बैठक घ्यायला. मारुतीच्या पारावर बायका बसल्या होत्या. मी आपली उभी राहून जोरात सुरुवात केली, "आज आपण शाश्वत विकासाच्या ध्येयांविषयी बोलणार आहोत."

तर मागून एक आवाज आला, "सासुरवास? त्येचा आनखी इकास कामून करायलेत?"

सगळा पार हसून हसून लोटपोट झाला. एक म्हातारी तर म्हणाली, "माझ्या सुनंला इचारा, माझ्या घरात पूर्ण झालाया." ती सून शेजारीच बसली होती, तिनं सासूच्या पाठीत लाडात एक धपाटा घातला. मी पाच मिनिटं "शाश्वत, शाश्वत" करत ओरडत होते आणि त्या जितकं ऐकत होत्या तितक्या हसत होत्या. आधी मला राग आला. पदवी घेतलीय, प्रशिक्षणं घेतलीत, आणि इथं माझी ही गत! पण तो प्रश्न विचारणारी बाई हसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिशी-पस्तिशीची, काटक, कपाळावर गोंदण, मांडीवर लोकरीची पिशवी. मी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी सरकारनं साऱ्या जगाला शबूद दिला की पोरगी शाळेत जाईल. आन् ज्या पोरीचा शबूद दिला, तिलाच नाय सांगितलं."

"तेच सांगायला आलेय ना वैनी," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ती माझी वैनी झाली आणि मी तिची ताई. तिची पोरगी त्या वेळी आठवीत होती. वस्तीची शाळा आठवीपर्यंतच. पुढची शाळा तालुक्याच्या गावी, घाट उतरून, आणि घाटात सगळं रान. पोरं जायची कुणाच्या तरी मोटरसायकलवर लटकून. पोरी आठवीनंतर घरी बसायच्या आणि घरी बसलेल्या पोरीचं काय होतं ते मी काय सांगू? सोयगावकडचं एक स्थळ आलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला पाहुणे येणार, सुपारी फुटणार, आणि पोरगी नववी पाहायच्या आत सासरी.

मी बापाशी भांडले. दिवाळीनंतर तो निघायच्या तयारीत होता, तेव्हा त्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर जाऊन भांडले. कायदा सांगितला, वय सांगितलं. शेवटी ओरडले, "भाऊ, पोरीचं लगीन लावलंत तर जेलात जाल!" तो माणूस शांतपणे एका कोकराचा पाय बघत होता. मान वर न करता म्हणाला, "जाईन की. पर ताई, जेलात सोडाया तरी गाडी येती का वर?"

मग तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "मला बी काय हौस नाय. म्या दिवाळीपास्नं मेंढरामागं. घाटातनं एकली पोर कुणाच्या भरवशावर धाडू? गाडी आली तर शाळा. नाय आली तर सुपारी." वैनी बाजूला चुलीत फुंकर मारत होती. तिनं नुसतं एकदा नवऱ्याकडं बघितलं. "ठरलं?" तिनं विचारलं. "ठरलं," तो म्हणाला.

बसगाडीसाठी आम्ही अर्ज केले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काही मला नवीन नव्हतं. डेपोत म्हणाले रस्ता आमचा नाही. रस्तेवाले म्हणाले गाडी आमची नाही. शाळेवाले म्हणाले पोरगी आधी आणा, मग बघू. मी तर त्यांच्या टेबलावर हात आपटून आले. नुसती बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

तेवढ्यात शहरात ती मोठी बैठक आली. परदेशी पाहुणे येणार म्हणून आमच्या संभाजीनगरचं रूपच पालटलं. रातोरात दुभाजकांवर फुलझाडांच्या कुंड्या, भिंतींवर चित्रं, खड्डे गायब. रिक्षावाले एकमेकांना म्हणायचे, "अरे मियां, रस्ता खो गया लगता है, ये अपना वाला नहीं." आणि बैठकीच्या एका दुपारी ठेवली होती जनसुनवाई, म्हणजे लोकांनी सरकारला समोरासमोर विचारायचं की दिलेल्या शब्दाचं काय झालं. मुंबईहून मोठे साहेब येणार, परदेशी पाहुणे ऐकायला बसणार. आमच्यातल्या एकाच माणसाला बोलायची संधी मिळाली. मी वैनीला फोन लावला.

"अर्ज नीट लिहून आणा," मी गिरणीच्या आवाजावर ओरडले.

"अर्ज लई झाले ताई. अर्जाला कोन भितं? आमी आमच्या रीतीनं येतो."

"कुठल्या रीतीनं?"

तर गिरणीच्या घरघरीत फक्त "सुपारी" एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, प्रवासात खायला आणत असेल.

त्यांची रीत काय होती ते मला नंतर कळलं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा नारळ, सुपारी, अंगारा सगळं आमच्या घराबाहेर गेलं, त्यामुळं मला हे माहीतच नव्हतं. त्यांच्यात लग्न ठरवताना नुसत्या बोलण्याला कोणी विचारत नाही. पाच माणसांत दोन्हीकडचे समोरासमोर बसतात, अडकित्त्यानं सुपारी फोडतात आणि एकेक फोड दोन्हीकडच्यांनी तोंडात टाकायची. फोड एकदा तोंडात गेली की शब्दावरून माघार नाही. माघार घेतली तर जातगंगेत तोंड दाखवायला जागा नाही. वैनीचा हिशोब सरळ होता: सरकारनं जगासमोर शब्द दिला खरा, पण सुपारी कुठं फुटली? म्हणून तर पाळत नाहीत.

आणि शहरात सुपारी म्हणजे काय, ते पोलीसवाल्याला विचारा. शहरात सुपारी घेतात ती माणूस वर पोचवायची!

तर आपण त्या बैठकीच्या गेटवर होतो. पोलीसवाल्याचा चेहरा पार उतरलेला. "किसकी सुपारी?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"आवो साहेबाची. मोठ्या साहेबाची."

"किसने दी?"

"आमच्या समद्या वस्तीनं मिळून," वैनी अभिमानानं म्हणाली.

मी मधे पडून सांगायला गेले, पण मला स्वतःलाच कळत नव्हतं की ही काय बोलतेय, आणि जे कळत होतं ते ऐकून मला घाम फुटला होता. त्यानं पिशवी मागितली. पिशवीत वर भाकरीची चवड. खाली फडक्यात बांधलेला हा एवढा थोरला पितळी अडकित्ता! त्यानं तो दोन बोटांनी उचलला. "और ये?"

"त्येनंच तर फोडायची. साहेबाच्या म्होरं," वैनी म्हणाली.

शिट्टी वाजली. तीन पोलीस धावत आले, एक बाई पोलीस पण आली, आणि आम्हाला मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसवलं. वैनीला वाटलं, पाहुण्यांसारखं बसवलंय. बाई पोलिसाला ती म्हणाली, "बया, पानी द्या की जरा." बाई पोलीस मात्र मूळची खेड्यातली निघाली. तिनं पिशवी पुन्हा उघडली, फडक्याच्या गाठीतली सुपारी पाहिली, सुपारीला लावलेलं हळदीकुंकू पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून जी हसायला लागली ती थांबेचना. तिनं बाकीच्यांना हिंदीत समजावलं. तो पहिला पोलीसवाला भिंतीला टेकून हसला, मग गंभीर झाला, मग पुन्हा हसला. मी अजून रागातच होते, म्हटलं, "हसताय काय? बाईमाणसाला अडवून ठेवता?" असं म्हणता म्हणता मलाच हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत जाईपर्यंत आमची पाळी येऊन गेली असेल की काय, ही धास्ती वेगळीच.

गेली नव्हती. साहेबांचं भाषण चालू होतं. ध्येय, निर्देशांक, आराखडा. वैनी समोर जाऊन उभी राहिली तेव्हा सभागृहात माणसांच्या माना वळल्या, कारण तिनं माइकला हात लावला नाही. तिनं सरळ मंचावर जाऊन टेबलावर फडकं पसरलं, त्यावर सुपारी ठेवली, शेजारी अडकित्ता. आणि मग बोलली. लाजली नाही, अडखळली नाही. पोरगी आठवीत, शाळा घाटाखाली, गाडी नाही. "आखाजीला माझ्या लेकीची सुपारी फुटायची हाय, साहेब. तिच्याअगूदर तुमी तुमची फोडा. गाडीचा शबूद द्या."

साहेब गोड हसले. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले तेच, जे सगळे म्हणतात. "ताई, तुमची भावना पोचली. पण बस हा विषय माझ्या विभागाचा नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार, तेवढ्यात वैनीच म्हणाली, "आमच्यात बी पोराचा बाप नसला तर चुलता सुपारी फोडतो. फोडनारा कुनीबी असंना, शबूद घराचा आसतो. सरकार एकच घर हाय का नाय?"

नाही म्हटलं तरी पंचाईत, हो म्हटलं तरी पंचाईत. समोर परदेशी पाहुणे, कानात यंत्रं लावून. दुभाषी मुलगी धावत्या आवाजात त्यांना सगळं सांगत होती आणि सुपारीपाशी येऊन अडकली होती. साहेबांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. म्हणाले, "घर एकच आहे." सभागृहात टाळ्या पडल्या. वैनीनं कट्‌कन सुपारी फोडली.

एक फोड तिनं स्वतःच्या तोंडात टाकली, दुसरी साहेबांपुढं धरली. साहेब कसनुसे झाले. "ताई, आठवड्यापूर्वीच दाढेचं रूट कॅनल झालंय. डॉक्टरांनी कडक खायचं नाही सांगितलंय."

"चावू नगा. गालात ठिवा," वैनी म्हणाली.

आणि ठेवली हो त्यांनी! खरंच ठेवली. त्यानंतरचं सगळं भाषण त्या माणसानं एक गाल फुगवून केलं. 'शाश्वत'चा उच्चार त्यांनाही जमेना, 'फाफ्वत' व्हायला लागलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पुढच्या रांगेत एक पांढऱ्या केसांची उंच परदेशी बाई होती, तिनं दुभाषी मुलीला काहीतरी विचारलं. वैनीनं ते बघितलं. "हिच्या सरकारनं काय कबूल केलंय ते इचारा की," ती म्हणाली.

विचारलं. त्या बाईचा चेहरा लाल झाला, पण खरं बोलली. म्हणाली, आमच्या सरकारनंही गरीब देशांना मदत करायचं कबूल केलं होतं. दर वर्षी कबूल करतं आणि दर वर्षी हात आखडता घेतं. मीही घरी जाऊन भांडतेच, पण ऐकतं कोण?

वैनीला तिच्याविषयी एकदम माया आली. "आगं माय, तुझं बी आमच्यावानीच की," असं म्हणत तिनं उरलेली फोड तिच्या हातावर ठेवली. त्या बाईनं आव बघितला ना ताव, फोड तोंडात टाकून कडाकडा चावली. कच्ची, डोंगरी बाजारातली सुपारी! तिला सुपारी लागली. घाम फुटला, कान तापले, छातीवर हात ठेवून ती खुर्चीत मागं रेलली. झाली पळापळ! कोणी वारा घालतंय, कोणी पाणी आणतंय, वैनी पिशवीतून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात घालतेय, पोलीस पुन्हा आत येतायत. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि काहीतरी पुटपुटली. दुभाषी मुलीनं सांगितलं, "त्या विचारतायत, बस कधी सुरू होणार?"

साहेबांनी तिथंच फोन लावला आणि गालातल्या गालात, अगदी शब्दशः, बोलले. शाळा उघडेल त्या दिवशी गाडी वर येईल, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. मी तेवढ्यात लेखी घेतलं, कारण सुपारीवर माझा अजून भरवसा नव्हता. वैनी माझ्याकडं बघून म्हणाली, "लिवून काय करता ताई, खाल्ली ना त्येनी?"

परतताना तिनं रिक्षातूनच नवऱ्याला फोन लावला. तो कुठंतरी खाली मेंढरांमागं होता. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, हिचंच ऐकू येत होतं. "व्हय, खाल्ली. मोठ्या साहेबानं खाल्ली. गोऱ्या बाईनं बी खाल्ली... आता आपल्या लेकीची फोडता येत न्हाई... आवो, न्हाईच येत! एका घरात एका सालात दोन सुपाऱ्या फुटत न्हाईत. रीत हाय!" आणि मग पदर सावरत, "तुमाला म्हाईत नसंल. तुमी वरीसभर मेंढरात ऱ्हाता."

नंतर मी वस्तीवर गेले तेव्हा मुद्दाम त्या म्हातारीला विचारलं, जिच्या घरी सासुरवास पूर्ण झाला होता. "आजी, एका घरात एका सालात दोन सुपाऱ्या फोडत नाहीत, अशी रीत आहे का हो?" म्हातारीनं वैनीकडं बघितलं, पारावरच्या बाकीच्या बायकांकडं बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "लई जुनी हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नाही. आखाजीला आलेले पाहुणे जेवून, रीतीला मान देऊन परत गेले.

शाळा उघडली आणि गाडी आली! आली हो, खरंच आली. खडखडत, धूर सोडत, लाल. मी आदल्या दिवसापासून वस्तीवर मुक्कामाला होते. पोरींना चढवायचं सोडून आधी सगळ्या बायकाच चढल्या. कंडक्टर विचारतोय, "मावशी, कुठं जायचं?" मावशी म्हणतेय, "कुठं नाय, बसून बघती." त्याला घाम फुटला. शेवटी बायकांना उतरवून पोरी बसल्या. वैनीच्या लेकीनं तर गाडीत बसायच्या आधीच नववीचं पुस्तक उघडलं होतं, जणू गाडी पोचेपर्यंत तेवढी एक कविता पाठ व्हायलाच पाहिजे. बाप परतला होता. तो ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "उद्या बी याल ना?" ड्रायव्हर म्हणाला, "उद्याचं उद्या बघू." बापानं मान हलवली आणि तो मेंढरांकडं गेला. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही, मी नाचत होते. हो, खरंच नाचत होते, पारावर, म्हातारीसोबत.

मग आम्ही एक ठरवलं. गाडी येऊन गेली की वैनी मला मिसकॉल द्यायची. रोज सकाळी चहा उकळत असला की फोन वाजून बंद व्हायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. घरचे म्हणायचे, हिची सकाळची घंटा वाजली.

श्रावणातल्या एका सकाळी मिसकॉल आला नाही. चहा उतू गेला तरी फोन गप्प. मी वैनीला लावला, लागेना. डेपोला लावला, उचलेना. साहेबांच्या ऑफिसात लावला, तिकडं गोड आवाजात सांगितलं की साहेब बदलून गेलेत. झालं! मला इतका संताप आला, इतकी भीती वाटली, की उरलेला चहा तसाच सिंकमध्ये ओतला. ज्याच्या तोंडात सुपारी गेली तो माणूसच निघून गेला. आता घर कुठलं आणि शब्द कुठला? एक आठवडा गाडी बंद राहिली तर शाळा सुटणार आणि ती जुनी रीत वर्षभरापुरतीच होती. दोन तास घर उपसून मी जुनं लेखी शोधलं, नवा अर्ज लिहायला घेतला, पेन चालेना, दुसरं घेतलं, पायात चप्पल सरकवली आणि बसस्टँडला निघाले. रिक्षात बसते न बसते तोच फोन वाजला. वैनीच्या नंबरवरून, पण आवाज पोरीचा.

"ताई, आज गाडी नाय आली. डेपोला फोन केला तर म्हनले घाटात दरड पडली."

"अगं बाई! मग?"

"मग काय, त्याच रस्त्यानं चालत आलो आमी समद्याजणी. दरड-बिरड काय बी नाय. आता डेपोत हावोत."

मागून भलताच कल्ला ऐकू येत होता. "आणि हे काय बें-बें चाललंय?"

"मेंढरं हायत," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "आमच्या बापूनं आनली. फाटकात बसवली. एक बी गाडी भाईर जाईना झालीय. डेपोचा साहेब खुर्चीतनंच म्हंतोय मेंढरं उठवा. बापू म्हनतो, मेंढरं बी सरकारी मानसावानी असत्यात, एकदा का बसली की उठत न्हाईत. संध्याकाळची आन् उद्याची गाडी कबूल करा, मग बगू."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी डोळे पुसत म्हटलं, "थांबा तिथंच! मी निघालेच आहे. अर्ज लिहून आणलाय. मी आल्याशिवाय काही बोलू नका."

"तुमी कामून येता?" पोरगी म्हणाली. "तुमी येस्तोवर दुपार व्हईल. आमचा पैला तास गनिताचा, त्यो बुडला. दुसऱ्याला पोचायचं हाय आमाला."

"अगं पण—"

तिकडून एकदम बायकांचा, पोरींचा आणि मेंढरांचा मिळून एकच गलका झाला.

"ठिवते ताई," ती घाईघाईनं म्हणाली. "साहेब उठला."